भरतीरेषेलगत समुद्री कासवाचं घरटं सापडलंय: हलवायचं की राहू द्यायचं?

ओली_पुळण | ११ फेब्रुवारी, पहाटे ५:५०

तातडीचं आहे, म्हणून आधी प्रश्न आणि मग बाकीचं. अंडी उकरून काढून ठेवू का, की हात लावू नको?

मी गस्तीवर आहे. माझं हे पहिलंच वर्ष. अर्ध्या तासापूर्वी माग दिसला. ट्रॅक्टरचं चाक पाण्यातून वर येऊन परत पाण्यात गेल्यासारखा, वल्ह्यांसारख्या पायांच्या खुणा डावी-उजवी अशा आलटून पालटून, रुंदी पाऊण मीटरच्या आसपास. म्हणजे ऑलिव्ह रिडले जातीची मादीच असावी. मागाच्या टोकाशी वाळू उसकटून परत थापटलेली आहे.

घोर दोन गोष्टींचा आहे. ही जागा काल रात्रीच्या भरतीच्या कचऱ्यापासून जेमतेम चार पावलं वर आहे, आणि सध्या भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती आहे. उधाण आलं की पाणी इथवर पोचणार हे उघड दिसतंय. दुसरं म्हणजे वीस पावलांवर कुत्र्यांचे ताजे ठसे आहेत. आमच्या गटात ज्यांच्याकडे परवानगी आहे त्यांना फोन केलाय, पण त्यांना यायला दीड-दोन तास लागतील. मी घरट्यापासून लांब बसून आहे.

जुनी_गस्त | ६:०२

हात लावू नका, ताई. तिथेच बसून राहा, कुत्र्यांना लांब ठेवा, एवढंच पुरे आहे.

कारण सांगतो, म्हणजे हात आवरणं सोपं जाईल. मादीच्या पोटात असताना गर्भाची वाढ एका टप्प्यावर थांबलेली असते, तिथे प्राणवायू फार कमी असतो म्हणून. अंडं बाहेर पडून त्याला हवा लागली की काही तासांत वाढ पुन्हा सुरू होते, आणि मग गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला वरच्या बाजूने चिकटतो. त्यानंतर अंडं गोल फिरलं किंवा उलटं झालं तर ते नाजूक पडदे फाटतात. बाहेरून अंडं जसंच्या तसं दिसतं. ते मेलंय हे पन्नास दिवसांनी उकरल्यावर कळतं. मी अशी घरटी उकरली आहेत, म्हणून जीव तोडून सांगतोय.

म्हणजे हलवायचंच असेल तर घातल्यापासून पहिल्या काही तासांत, आणि तेही अंड्याची वरची बाजू वरच ठेवून. उशीर झाला असेल तर हलवण्याने जो घात होईल तो लाटेपेक्षा मोठा असू शकतो. त्यामुळे खरा प्रश्न हा, की ती किती वाजता आली? मागावरून काही अंदाज येतोय का? भरती किती वाजता पूर्ण भरली होती?

आणि काठी खुपसून घरटं शोधायचा प्रयत्न कोणी करत असेल तर थांबवा. एक अंडं फुटलं की त्याच्या वासाने मुंग्या येतात, मग खेकडे, मग कुत्री.

ओली_पुळण | ६:१५

भरती दोनच्या सुमारास पूर्ण होती. आत्ता परत जाऊन माग नीट पाहिला. वर येणारा माग कचऱ्याच्या रेषेच्या खालीही पाच-सहा मीटर स्पष्ट आहे. परतीचा त्याहून लांब, अजून दहा-बारा पावलं खाली जातो. म्हणजे ती आली तेव्हा ओहोटी लागलेली होती आणि ती असेपर्यंत पाणी आणखी मागे गेलं, असंच ना?

जुनी_गस्त | ६:१९

अगदी बरोबर वाचलंत. भरतीआधी आली असती तर कचऱ्याच्या रेषेखालचा माग पाण्याने पुसला असता. साधारण तीन ते चारच्या दरम्यान अंडी घातली असं धरा. तुमची माणसं आठच्या आत पोचली तर वेळ हातात आहे. निर्णय त्यांना घेऊ दे. भारतात सागरी कासवं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. परवानगीवाचून अंड्याला हात लावणं गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. आणि हा नियम मला योग्यच वाटतो.

मर्यादवेल | ७:१०

माझं मत वेगळं आहे आणि ते मांडतो, कारण अशा प्रत्येक वेळी आपण "हलवा" याच उत्तराकडे धावतो.

कासवं आपल्या कितीतरी आधीपासून, दहा कोटींहून जास्त वर्षं, वाळूत अंडी घालतायत. एक मादी हंगामात एकापेक्षा जास्त घरटी करते, आणि ती वेगवेगळ्या ठिकाणी. काही खाली, काही वर, काही वेलींच्या अगदी जवळ. एखाद्या घरट्यावरून लाट फिरली म्हणजे ते गेलं असं होत नाही. पाणी येऊन निथळून गेलं तर अंडी तगतात. तासन् तास पाणी साचून राहिलं, वाळूतली हवा कोंडली, तर गुदमरतात. हा फरक पाहायला हवा.

हलवण्याची किंमत दिसत नाही म्हणून ती नाही असं आपण समजतो. मादीने निवडलेल्या जागेची ओल, खोली, ऊन, वाळूचा दाणा, यातलं काही ना काही बदलतंच. हॅचरीत, म्हणजे अंडी आणून उबवायच्या कुंपणात, पन्नास घरटी शेजारी शेजारी आली की एका रोगाने, एका उधाणाने किंवा एका निष्काळजी रात्रीने सगळी एकदम जाऊ शकतात. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या समुद्री कासव तज्ज्ञगटाने १९९९ मध्येच क्षेत्रकार्यासाठी लिहून ठेवलंय, की घरटं जागेवर वाचवता येत असेल तर तेच आधी, हॅचरी हा शेवटचा उपाय. कुत्र्यांची भीती असेल तर वर जाळी टाका, चार खुंट्या ठोका, पाळी लावा. जाळी मात्र लोखंडी नको. लोखंडी पिंजऱ्याने आसपासचं चुंबकीय क्षेत्र बदलतं असं मोजमापातून दिसलेलं आहे, आणि पिल्लं त्याच क्षेत्रावर दिशा ओळखतात. बांबू किंवा प्लॅस्टिकची जाळी, आणि घरं एवढी मोठी की पिल्लू सहज निसटेल.

जुनी_गस्त | ७:४०

मर्यादवेल, तत्त्व मान्य. पण शेवटचा उपाय म्हणजे कधीच न करायचा उपाय नव्हे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावाचं उदाहरण घ्या. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे काम सुरू केलं, तेव्हा किनाऱ्यावरची अंडी माणसंच उचलून नेत होती. माणसं सोडतील ती कुत्री आणि कोल्हे खाणार. तिथे घरटं जागेवर ठेवणं म्हणजे ते चोराच्या हाती देणं होतं. गावकऱ्यांनीच अंडी कुंपणात आणून सांभाळली, पिल्लं निघायची वेळ आली की घरट्यावर टोपली पालथी घालून सकाळ-संध्याकाळ तपासली, २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि जे अंडी नेत होते त्यांच्यातलेच राखणदार झाले. चेन्नईत विद्यार्थी १९८८ पासून रात्र रात्र चालून घरटी शोधतात. तिथे शहराचे दिवे इतके आहेत की घरटं जागेवर ठेवलं तर पिल्लं रस्त्यावर जातील. या लोकांना "हलवू नका" म्हणणं सोपं नाही.

हॅचरी वाईट नसते, वाईट पद्धतीने चालवलेली हॅचरी वाईट असते. जागा दर हंगामाला बदलायची, म्हणजे जुन्या घरट्यांतली कुजकी टरफलं, बुरशी, किडे नव्या अंड्यांना लागत नाहीत. दोन खड्ड्यांत किमान एक मीटर अंतर. खड्डा मूळ घरट्याइतकाच खोल आणि तसाच सुरईसारखा, मान अरुंद आणि पोट गोल. आणि मूळ घरट्यातली ओली वाळू अंड्यांभोवती परत घालायची.

ओली_पुळण | ११ फेब्रुवारी, रात्री ९:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. सकाळी उत्तर द्यायला हात मोकळे नव्हते.

आमची माणसं पावणेआठला आली. त्यांनी आधी जागा पाहिली, उधाणाच्या जुन्या कचऱ्याची रेषा शोधली (ती घरट्याच्या सव्वा मीटर वर निघाली), खालची वाळू हाताने चाचपली. दीड वीत खाली ती इतकी ओली होती की मुठीतून पाणी सुटत होतं. मर्यादवेल म्हणतात तसं नुसतं लाट फिरून जाण्याचं प्रकरण हे नव्हतं, तिथे पाणी तुंबलं असतं. म्हणून हलवायचं ठरलं. पण हॅचरीत नाही. त्याच पुळणीवर, त्याच रेषेत, वर मर्यादवेल नावाची वाळूवरची वेल जिथे सुरू होते त्याच्या दोन हात अलीकडे.

मी बादली धरायला होते. बादलीच्या तळाशी घरट्यातलीच वाळू, त्यावर एकेक अंडं. पिंगपाँगच्या चेंडूएवढं, पण कवच मऊ, बोटाने दबेल असं. परवानगी असलेल्या आमच्या ताईंनी प्रत्येक अंडं दोन बोटांत धरून उचललं तसंच ठेवलं, मनगट जराही वळू दिलं नाही. चाळीस मिनिटं कोणी बोललं नाही. ११३ अंडी. नवा खड्डा पंचेचाळीस सेंटिमीटर, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हात घालून मापला. वरून वाळू भरताना दाबली नाही, नुसती सारखी केली. बांबूच्या कामट्यांची जाळी वर ठेवली आणि तारीख लिहिलेली पाटी लावली.

मला सकाळी साडेपाचला वाटत होतं की काहीतरी केलंच पाहिजे. दोन तास नुसतं बसून राहणं हेच सगळ्यात अवघड गेलं.

प्रश्न_पडतो | १२ फेब्रुवारी

वाळूच्या उबेवरून पिल्लू नर की मादी ते ठरतं असं ऐकलंय. मग वर कोरड्या, तापणाऱ्या वाळूत हलवल्यावर सगळ्या माद्याच होतील का?

मर्यादवेल | १२ फेब्रुवारी

ऐकलंय ते खरं आहे, आणि प्रश्नही बरोबर जागी बोट ठेवणारा आहे.

कासवात लिंग गुणसूत्रांनी ठरत नाही. अंडी उबण्याच्या काळाचा मधला तिसरा हिस्सा महत्त्वाचा. त्या दिवसांत वाळू साधारण २९ अंशांच्या आसपास असेल तर नर-माद्या मिसळ, त्याहून थंड असेल तर नर जास्त, गरम असेल तर माद्या जास्त. प्रजातीनुसार आणि जागेनुसार हा आकडा थोडा सरकतो. आणि वाळू बराच काळ ३३-३४ अंशांच्या वर राहिली तर नर की मादी हा प्रश्नच उरत नाही, गर्भ आतच दगावतात.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या लहान वयाच्या कासवांत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या निघाल्या. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे माद्या जास्त असणं हे लगेच संकट नाही. पण नव्याण्णवाला एक हे प्रमाण पाहून मला तरी झोप लागली नव्हती.

म्हणूनच हॅचरीवाल्यांना माझं सांगणं असतं, की सगळी घरटी एकाच उन्हात किंवा एकाच सावलीत ठेवू नका. सगळ्यावर हिरवं कापड ताणलंत तर कदाचित सगळे नर कराल, सगळं उघडं ठेवलंत तर सगळ्या माद्या. खड्ड्याच्या खोलीवर तापमापक ठेवा आणि रोज लिहून काढा. ओली_पुळण, तुमच्या घरट्याशेजारी, पण घरट्यात नव्हे, तसा एक पुरता आला तर पाहा.

किनाऱ्यालगत | १९ फेब्रुवारी

मी इथे फक्त वाचायला येतो, पण आज लिहावंसं वाटलं. किनाऱ्याला लागून माझी राहण्याची सोय आहे, सहा खोल्या. पुढच्या अंगणात मोठे पांढरे दिवे आहेत. गेल्या वर्षी सकाळी अंगणातल्या दिव्याखाली तीन पिल्लं मेलेली सापडली. तेव्हा वाटलं पक्ष्यांनी आणून टाकली. हा धागा वाचताना लक्षात आलं की ती चालत आली असणार. मला काय बदलावं लागेल ते सांगा. दिवे पूर्ण बंद ठेवणं पाहुण्यांमुळे शक्य नाही.

जुनी_गस्त | १९ फेब्रुवारी

दादा, तुम्ही लिहिलंत हे फार मोलाचं आहे. बहुतेक लोक ती पिल्लं उचलून फेकतात आणि विसरतात.

ती चालतच आली. पिल्लू रात्री वाळूतून वर येतं. वरची वाळू थंड झाली हीच त्याला निघायची खूण. वर आल्यावर ते समुद्र शोधतं ते वासाने नाही, उजेडाने. अंधाऱ्या रात्रीही पाण्यावरचं क्षितिज जमिनीपेक्षा जरा उजळ असतं आणि मागची झाडं, टेकाड काळं दिसतं. काळ्याकडे पाठ, खालच्या उजेडाकडे तोंड, एवढाच त्याचा हिशेब. तुमचा दिवा तो हिशेब उलटा करतो. ते रात्रभर तुमच्या अंगणाकडे चालतं, आणि सकाळच्या उन्हात सुकून मरतं, किंवा त्याआधी खेकडा नेतो. उजेड असेल तर माद्याही वर यायला बिचकतात, म्हणजे नुकसान दोन्हीकडून.

उपाय तीन, आणि तिन्ही एकत्र हवेत. दिवा खाली आणा, गुडघ्याएवढ्या उंचीवर, फक्त पायवाट दिसेल असा. त्याला समुद्राच्या बाजूने झाकण लावा. आणि पांढऱ्या-निळसर उजेडाऐवजी तांबूस किंवा गडद पिवळ्या रंगाचा, म्हणजे लांब लहरींचा दिवा वापरा, तो पिल्लांना कमी खेचतो. नुसता बल्ब बदलून झाकण न लावणं पुरत नाही. समुद्राकडच्या खिडक्यांना जाड पडदे.

मग अमावास्येच्या जवळपास पुळणीवर जा आणि पालथे झोपा, हनुवटी वाळूला टेकवून. पिल्लाचे डोळे तिथेच असतात. तिथून तुमच्या घराचा एकही दिवा थेट दिसता कामा नये.

किनाऱ्यालगत | २७ फेब्रुवारी

झाकणं लावली, चार दिवे काढून टाकले. काल रात्री झोपून पाहिलं. अंगणातलं काही दिसत नाही, पण गच्चीवरच्या टाकीजवळचा एक दिवा दिसला. तो मला उभं राहून कधीच खटकला नव्हता. तोही आज काढतो.

खोल_पाणी | २ मार्च

माझं आयुष्य जाळ्यावर गेलं, ट्रॉलरवर बावीस वर्षं. इथली चर्चा आवडली, पण मन भरून आलंय म्हणून एक गोष्ट सांगतो.

तुम्ही एकेक अंडं दोन बोटांत धरून उचलता. आणि समुद्रात पंधरा-वीस वर्षं वाढलेली मादी ट्रॉलच्या जाळ्यात अडकून श्वास कोंडून मरते. कासवाला वर येऊन हवा घ्यावीच लागते. जाळं दोन-तीन तास ओढलं तर त्यातलं कासव जिवंत निघण्याची आशा थोडी. मी मेलेली कासवं जाळ्यातून काढली आहेत. कोणाला मारायची इच्छा नव्हती, पण मेली ती मेलीच.

शास्त्रज्ञांनी हे गणित १९८७ मध्येच करून दाखवलंय, लॉगरहेड कासवांवर. सगळी अंडी वाचवली तरी, मोठी होत आलेली आणि मोठी कासवं जाळ्यात मरत राहिली तर संख्या घटतच राहते. हजारातून एखादं पिल्लू मोठं होतं असं म्हणतात. मग ते एक किती मौल्यवान झालं, विचार करा.

केम्प्स रिडले या कासवाचं पाहा. मेक्सिकोत रांचो नुएवोच्या किनाऱ्यावर १९४७ च्या एका चित्रफितीत एका दिवसात हजारो माद्या दिसतात, अंदाज चाळीस हजारांचा. १९६६ पासून तिथे घरट्यांवर पहारा होता, तरी १९८५ मध्ये सगळ्या हंगामात ७०२ घरटी उरली. पहारा चालूच राहिला आणि त्यात कोळंबीच्या जाळ्यांना कासव बाहेर पडायची सोय करणं सक्तीचं झालं. मग चढ सुरू झाला, आणि पुढे घरटी वर्षाला वीस हजारांच्या वर गेली. ही सोय म्हणजे जाळ्याच्या गळ्याशी तिरके गज आणि वर झडप. कोळंबी गजांतून मागे जाते, कासव गजांवर आदळून झडपेतून सुटतं. थोडी मासळी जाते हे खरं आहे. मी वापरलंय, म्हणून सांगतो, नीट बसवलं तर जितकं बोलतात तितकी जात नाही.

मर्यादवेल | २ मार्च

काका, हे इथे लिहायची गरज होती. फक्त एक जोड देतो. केम्प्स रिडलेचे ते ७०२ खड्डे राखले गेले नसते, तर जाळी सुधारल्यावर वाढायला काहीच उरलं नसतं. दोन्ही कामं एकमेकांवर उभी आहेत. हिरव्या कासवाला २०२५ मध्ये आययूसीएनच्या लाल यादीत संकटग्रस्तातून बाहेर काढून कमी धोक्याच्या वर्गात ठेवलं, तेही अनेक दशकं किनारा आणि समुद्र दोन्हीकडे झालेल्या कामामुळे. याचा अर्थ सगळीकडची हिरवी कासवं सुरक्षित झाली असा नाही. काही भागांत ती अजून घटतायत.

पाटी_पेन्सिल | १५ मार्च

शाळेत शिकवते. सातवीच्या मुलांना पिल्लं समुद्रात जाताना दाखवायची फार इच्छा आहे. ती जन्मल्या किनाऱ्यावरच परत येतात हे मुलांना सांगितलं, तर एका मुलीने विचारलं, "मग मी मोठी झाल्यावर ती मला भेटेल?" हे खरंच तसं होतं का? आणि मुलांना पिल्लं हातात घेऊ द्यावीत का?

परतीचा_माग | १५ मार्च

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण त्यात माझी चूक आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका गटाबरोबर काम करत होतो. पिल्लं रात्री दोनला निघाली. सकाळी आठला पाहुणे येणार होते, म्हणून आम्ही ती टबमध्ये ठेवली. टबच्या कडेला ती सहा तास वल्ही मारत होती, एकसारखी. मला ते गोड वाटलं होतं. पाहुणे आले, फोटो झाले, काहींनी हातात घेतली, आणि नवाच्या उन्हात आम्ही ती सोडली. कितीतरी पिल्लं पाण्यापर्यंत जाता जाता थांबत होती. वर घारी फिरत होत्या.

नंतर समजलं. पिल्लाच्या पोटात बलकाची थोडी शिदोरी असते. ती घेऊन ते पाण्यात शिरलं की साधारण एक दिवसभर न थांबता पोहतं, किनाऱ्याजवळच्या माशांच्या टप्प्यातून बाहेर पडायला. आम्ही ती शिदोरी टबमध्ये संपवली. ते सहा तास मला परत देता येत नाहीत.

म्हणून मुलांना न्या, जरूर न्या, पण वेळ पिल्लांची असू दे. पहाटे किंवा सूर्यास्तानंतर. मुलं घरट्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना, समुद्राकडे कोणी नाही. मोबाईल बंद, फ्लॅश तर नाहीच. जाण्याआधी वाटेतले पायांचे खड्डे, वाळूचे किल्ले, गाडीच्या चाकोऱ्या मुलांकडूनच सपाट करून घ्या. चाकोरीत पडलेलं पिल्लू तिच्यातूनच किनाऱ्याला समांतर चालत राहतं. हात लावायचा नाही आणि उचलून पाण्यात ठेवायचं नाही. वाळूवरची ती चाल त्याला दिशा पक्की करायला लागते.

मर्यादवेल | १६ मार्च

पहिल्या प्रश्नाबद्दल. पिल्लू आपल्या किनाऱ्याची चुंबकीय खूण मनात घेऊन जातं आणि माद्या मोठ्या झाल्यावर साधारण त्याच भागात परततात, असं बरंचसं संशोधन सांगतं. पण रिडले त्याबाबतीत जरा मोकळी आहे. २०२१ मध्ये ओडिशात सामूहिक विणीच्या वेळी टॅग लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आली होती. पूर्व किनारा सोडून पश्चिमेला! त्या मुलीला सांगा, भेटेल न भेटेल, पण आणखी पंधरा-वीस वर्षांनी पुळण मोकळी आणि अंधारी असेल तर कोणीतरी नक्की येईल.

ओली_पुळण | ५ एप्रिल, पहाटे ४:३०

बावन्नावा दिवस. निघाली.

तीन दिवसांपासून वाळू बशीसारखी खचली होती. खाली पिल्लं फुटून निघाली की टरफलांची जागा रिकामी होते आणि वरची वाळू आत बसते, हे जुनी_गस्त दादांनी फोनवर सांगितलेलं. आम्ही पाळ्या लावल्या. काल रात्री वारा पडला होता. पावणेबाराला बशीच्या मध्यावर वाळूचा एक कण हलल्यासारखा वाटला, मग एक काळं नाक. मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं अडकलंय, वाळू जरा बाजूला करावी. ताईंनी माझ्या हातावर हात ठेवला. ती एकेकटी निघत नाहीत, म्हणाल्या, खाली बाकीची धडपडतात, छताची वाळू पडते, तिच्यावर चढून सगळी मिळून वर येतात. वीस मिनिटांनी ते नाक एकदम उचललं गेलं आणि खालून पिल्लं उकळल्यासारखी वर आली.

मी मोजायचं विसरले. खरंच विसरले. किनाऱ्यालगतच्या घरांकडे अंधार होता. सगळी पाण्याकडे वळली, दोन सोडून. ती दोन मर्यादवेलीत शिरली, गोल फिरली आणि आपणहून परत वळली. शेवटचं पाण्यात गेलं तेव्हा एक वाजला होता. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, हे मला फार बरं वाटलं.

ओली_पुळण | ८ एप्रिल

तीन दिवस थांबून आज परवानगीवाल्यांनी घरटं उकरलं. हिशेब असा: रिकामी टरफलं ९९. त्यातली तीन पिल्लं खड्ड्यात जिवंत होती, मुळांत अडकलेली. ती संध्याकाळी पुळणीवर ठेवली, चालत गेली. दोन मेलेली. म्हणजे आपणहून बाहेर पडलेली ९४. न फुटलेली अंडी चौदा, त्यांतल्या नवांत वाढीची काहीच खूण नव्हती, पाचांत गर्भ अर्धवट वाढून थांबलेला.

ते पाच मला सतावतायत. आम्ही हलवताना घडलं का? ताई म्हणाल्या, न हलवलेल्या घरट्यातही एवढी जातात, यावरून काही ठरवता येत नाही. मी तरी ते पाच वहीत वेगळ्या ओळीत लिहिलेत. तापमानाची नोंदही पूर्ण आहे, मर्यादवेल, पाठवते.

मर्यादवेल | ८ एप्रिल

पाठवा. आणि मुळं आत शिरली होती म्हणजे वेलीपासून दोन हात कमी पडले. पुढच्या वेळी तीन ठेवा.

जुनी_गस्त | ८ एप्रिल

रिकामा खड्डा बुजवलात ना? टरफलं लांब नेऊन पुरलीत ना? नाहीतर कुत्र्यांना जागा कळते.

ओली_पुळण | ८ एप्रिल

दोन्ही केलं, दादा. आणि येताना पुळणीच्या उत्तर टोकाला आणखी एक माग दिसला, आजचाच. घरटं कोरड्या वाळूत आहे, उधाणाच्या रेषेच्या बऱ्याच वर, मुळंही जवळ नाहीत. ताईंनी पाहिलं आणि तिथेच ठेवायचं ठरलं. वर बांबूची जाळी आणि पाटी, बाकी काही नाही. आज रात्रीची पाळी माझी आहे.